दगडाखालची जमीन

आमच्या घरात जमीन कशी आली हे आजी सांगायची. ती सांगायला बसली की आजा उठून गोठ्याकडे जायचा.

ही जमीन म्हणजे मॉरिशसच्या पश्चिम भागात, ब्लॅक रिव्हर जिल्ह्यातल्या कास्काव्हेल गावाजवळचे चार आर्पाँ. आर्पाँ हे फ्रेंचांच्या काळापासूनचं माप, एकराहून किंचित मोठं. चारही आर्पाँत ऊस, आणि बांधाला काळ्या दगडांचे पुरुषभर उंचीचे ढीग. आमचं बेट ज्वालामुखीतून वर आलेलं, त्यामुळे इथे नांगरापेक्षा हाताचं काम जास्त. आधी दगड वेचायचे, ते शेतातच एकीकडे रचायचे आणि मग उरलेल्या जागेत ऊस लावायचा. मोठ्या मळ्यांवरचे जुने ढीग आधी आफ्रिकेतून आणि मादागास्करमधून आणलेल्या गुलामांनी रचले, नंतर भारतातून करारावर आलेल्या मजुरांनी, म्हणजे गिरमिटियांनी. आमच्या शेतातले ढीग पणजीने आणि तिच्या पोरांनी रचले. आजी लग्न होऊन आली तेव्हासुद्धा दगड संपले नव्हते. पावसाळा झाला की जमीन नवे दगड वर काढायची.

मुंबईच्या बंदरावर भरती करणारे दलाल सांगायचे म्हणे, की त्या बेटावर दगड उलटला की खाली सोनं सापडतं. ही गोष्ट मॉरिशसमधल्या प्रत्येक भारतीय घरात सांगतात, मग ते घर बिहारी असो, तेलुगू असो की आमचं मराठी. आजीचा मात्र तिच्यावर विश्वास नव्हता. "आपली माणसं कोकणातली," ती म्हणायची. "दगडाखाली काय असतं ते त्यांना पक्कं ठाऊक. विंचू. सोन्यासाठी नाय आली पोरी, पोटासाठी आली."

मलाही आजीचंच पटतं. रत्नागिरी, सावंतवाडी, सातारा, कोल्हापूर या भागांतून आमचे लोक निघाले. खोताचं देणं, सावकाराचं कर्ज, नापिकी ही कारणं होतीच. त्यात १८४४ साली कोल्हापूर आणि सावंतवाडीकडे गडकऱ्यांचं बंड झालं आणि कंपनी सरकारने ते मोडून काढलं. आमच्याकडे अनेक घरांत सांगतात की आमचा मूळपुरुष बंडातला शिपाई होता, पकडला जाऊ नये म्हणून जहाजावर चढला. काही घरांत ते खरंही असेल. पण बहुतेक जण मुंबईत हमालीसाठी, गोदीच्या कामासाठी आलेले गरीब कुणबी-मराठे असावेत. बंदरावर कुणी तरी महिना पाच रुपये, रोजचा दोन पौंड तांदूळ आणि अर्धा पौंड डाळ असा करार पुढे केला आणि त्यांनी अंगठा दिला. त्यात कमीपणा काहीच नाही.

करार करून मजूर नेण्याची ही पद्धत इंग्रजांनी मॉरिशसमध्येच मोठ्या प्रमाणावर आजमावून पाहिली. १८१० मध्ये त्यांनी हे बेट फ्रेंचांकडून घेतलं. १८२५ मध्ये इथल्या साखरेवरची जकात वेस्ट इंडिजच्या साखरेइतकी कमी झाली आणि बेटभर ऊसच ऊस झाला. दहा वर्षांनी, १ फेब्रुवारी १८३५ ला, गुलामगिरी कायद्याने संपली. त्याच्या तीनच महिने आधी, २ नोव्हेंबर १८३४ ला, 'ॲटलस' जहाजातून ३६ मजूर कलकत्त्याहून पोर्ट लुईला उतरले होते. पुढे १९१० पर्यंत साडेचार लाखांच्या आसपास माणसं आली. त्यांतला तिसरा हिस्सा परतला, बाकीची माणसं इथेच राहिली. १८६१ च्या जनगणनेत बेटावरची निम्म्याहून अधिक माणसं भारतीय होती. बहुतेक सगळे कलकत्ता आणि मद्रास या बंदरांतून आलेले. मजुरांच्या हालांवरून विलायतेत ओरड झाल्यावर मध्यंतरी ही वाहतूक बंद होती. १८४२ च्या कायद्याने ती पुन्हा सुरू झाली तेव्हा मुंबई बंदरही त्यात आलं. मुंबईचा वाटा लहानच राहिला. १८६० च्या दशकात मुंबईतच रेल्वेची आणि कापसाच्या तेजीची मजुरी मिळू लागली, आणि आमच्या बाजूची जहाजं आटली. वीस-बावीस वर्षांत आलेल्या त्या माणसांपासून आजचा मॉरिशसमधला बहुतेक सगळा मराठी समाज झाला.

त्यांच्याही आधी आलेले मराठी लोक होते, आणि त्यांच्याबद्दल आमच्या कुठल्याच म्हाताऱ्या माणसाने कधी काही सांगितलं नाही. १८१५ पासून इंग्रज भारतातले कैदी मॉरिशसला काळ्या पाण्याच्या शिक्षेवर पाठवत होते, आधी बंगालचे आणि मग मुंबई इलाख्यातलेही. बेटावरचे कितीतरी रस्ते आणि पूल त्यांनी बांधले. १८३६ मध्ये चार्ल्स डार्विन इथे उतरला तेव्हा त्याने हे कैदी पाहिले आणि त्यांच्या रुबाबदार चेहऱ्यांविषयी आदराने लिहून ठेवलं. आमचे आजे-पणजे ज्या रस्त्यावरून बैलगाड्या हाकत गेले, तो त्यांच्याच मुलखातल्या बेड्या घातलेल्या माणसांनी खडी फोडून केलेला असू शकतो. बंडाची गोष्ट अभिमानाने सांगायची आणि कैद्यांची गाळायची, हे मला बरोबर वाटत नाही. बंड करणाऱ्याला सरकारने पकडलं की त्याचाच तर कैदी व्हायचा.

पोर्ट लुईच्या धक्क्यावर मजूर उतरत ती जागा आज आप्रवासी घाट म्हणून जगाला माहीत आहे. २००६ मध्ये युनेस्कोने तिला जागतिक वारसा ठरवलं. तिथल्या दगडी पायऱ्या चढून वर आलं की नोंद व्हायची: क्रमांक, वय, उंची, जात, गाव, बापाचं नाव, अंगावरची खूण. इंग्रज किंवा फ्रेंच कारकुनाच्या कानाला जसं ऐकू आलं तसं नाव लिहिलं गेलं. आडनाव विचारण्याची पद्धतच नव्हती. पुढे मुलांच्या जन्मनोंदीत बापाचं नावच आडनाव म्हणून लागलं. त्यामुळे आमच्याकडे मोरे, चव्हाण, सावंत फारसे सापडत नाहीत, बाबाजी, रामजी अशी आडनावं सापडतात. जे 'जी' बापाला मान देण्यासाठी लावायचं, ते आता फ्रेंच उच्चाराने शाळेच्या हजेरीत वाचलं जातं.

मळ्यावर राहायला मिळे ती गुलामांचीच जुनी वस्ती, त्याच झोपड्या. सकाळी अंधारात घंटा वाजायची. गैरहजर राहिलं तर त्या दिवसाचा पगार जाईच, वर दंड म्हणून आणखी एका दिवसाचा कापत. डबल कट म्हणत त्याला. "एक दिवस ताप आला, दोन दिवस खाल्ले," हे आजीचं वाक्य. तापाला तोटा नव्हता. १८६६ ते १८६८ च्या हिवतापाच्या साथीत बेटावर हजारो माणसं मेली, पोर्ट लुईमध्ये दफनाला जागा पुरेना. आणि त्याच सुमाराला, १८६७ मध्ये, सरकारने असा कायदा केला की करार संपलेल्या 'जुन्या' मजुरानेही फोटो लावलेला पास सतत जवळ बाळगला पाहिजे. पास घरी राहिला, फाटला, दुसऱ्या जिल्ह्यात सापडला, की भटक्या म्हणून तुरुंग. पाच वर्षं राबून मोकळा झालेला माणूस भाजी विकायला बाजारात निघाला तर पोलीस त्याला वाटेत उचलत.

याविरुद्ध उभा राहिला तो एक गोरा मळेवाला, आदोल्फ द प्लेविट्झ. १८७१ मध्ये त्याने जुन्या मजुरांच्या वतीने अर्ज तयार केला. त्यावर ९,४०१ जणांच्या सह्या आणि निशाण्या होत्या. इतर मळेवाल्यांनी त्याला बेटावरून हाकलून द्यावं म्हणून मागणी केली, भर पोर्ट लुईत त्याच्यावर हल्ला झाला. पण चौकशी आयोग नेमावा लागला. आयोगाच्या दोघा सभासदांपैकी एक, विल्यम एडवर्ड फ्रिअर, मुंबई इलाख्याच्या सनदी सेवेत आयुष्य घालवलेला होता. १८७५ मध्ये त्यांचा अहवाल आला, त्यात छळाची कहाणी पानापानावर आहे. १८७८ मध्ये मजूर कायदा बदलला. द प्लेविट्झचं नाव महाराष्ट्रात फारसं कुणाला माहीत नसेल. ते माहीत असायला हवं.

आता आजा उठून का जायचा ते सांगते.

आजी गेल्यानंतरची गोष्ट. मी तेव्हा शाळेत मराठी शिकवत होते. आज्याला मी सरळ विचारलं. तो बराच वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "माझा आजा सरदार होता. हजेरी त्याच्या तोंडात होती."

सरदार म्हणजे मुकादम. मळ्यावर गोऱ्या साहेबाच्या खाली आणि मजुरांच्या वर आपल्यातलाच एक माणूस असे. सकाळी कोण आलं, कोण नाही, कुणाचं काम पुरं झालं, हे तो सांगे. त्याच्या शब्दावर पगार लागे किंवा कापला जाई. तोच नवे करार जमवी आणि त्याबद्दल मळ्याकडून पैसे घेई. तोच व्याजाने कर्ज देई. आज्याचा आजा, म्हणजे माझा खापरपणजोबा, १८५० च्या दशकात रिकाम्या हाताने आला आणि म्हातारपणी सरदार होऊन मेला. त्याने कुणाकुणाचे दिवस कापले असतील, त्यांची नातवंडं गावातच होती. गणपतीत शेजारी बसून आरती म्हणत होती. आजा त्यांच्यात वाढला होता. जमिनीची गोष्ट निघाली की त्याला ती माणसं आठवत असणार.

आजीची गोष्ट वेगळी होती. तिच्या सांगण्यात जमीन आली ती पणजीच्या सोन्यामुळे. पणजी मळ्यावर कराराने बांधलेली नव्हती. ती गाय पाळायची, दूध विकायची, वस्तीमागच्या तुकड्यात मिरची आणि वांगी लावायची. पैसा साठला की पुतळ्या करायच्या, कारण पतपेढी नव्हती आणि नवऱ्याच्या खिशावर भरवसा नव्हता. २९ एप्रिल १८९२ च्या चक्रीवादळात घराचं छप्पर गेलं, गाय मेली, पण कमरेला बांधलेलं सोनं वाचलं. त्या एका दिवशी बेटावर हजाराहून जास्त माणसं मेली. वादळानंतर चार-पाच वर्षांनी मळ्याने आपल्या कडेचे तुकडे विकायला काढले, तेव्हा पणजीने पुतळ्या मोडल्या.

हे तुकडे विकणं हा आमच्या इतिहासातला सगळ्यात मोठा बदल आहे, आणि तो कुणाच्या उदारपणातून झाला नाही. युरोपात बीटची साखर आली, जगभर भाव पडले. १८५८ च्या सुमाराला मॉरिशसमध्ये अडीचशेच्या वर साखर कारखाने होते, शतक संपताना त्यांची संख्या निम्म्याहून खाली आली. राहिलेल्या मळेवाल्यांना नवी यंत्रं घ्यायला रोकड हवी होती. त्यांनी आपल्या जमिनीच्या कडा, डोंगरउताराच्या, खडकाळ, पाणी नसलेल्या, तुकडे पाडून हप्त्याने विकल्या. मधले दलाल आणि सरदार गबर झाले. भाव जबर होता. तरी लोकांनी घेतल्या. विसाव्या शतकाच्या पहिल्या वीस वर्षांत बेटावरच्या उसाच्या जमिनीचा तिसऱ्या हिश्शाहून जास्त भाग भारतीयांच्या हातात आला. ज्यांना पास नसला तर तुरुंगात टाकत, त्यांच्याच मुलांकडे खरेदीखत आलं.

आमचं खरेदीखत मी पाहिलं आहे. फ्रेंचमध्ये, पोर्ट लुईच्या नोटरीचं. त्यात घेणार म्हणून पणजीचं नाव आहे, आणि तिच्या नावापुढे लिहिलं आहे की ती सज्ञान, अविवाहित स्त्री आहे. तेव्हा तिला तीन मुलं होती. देवाब्राह्मणांसमोर, मंगलाष्टकं म्हणून तिचं लग्न झालेलं होतं, पण ते सरकारी कचेरीत नोंदवलेलं नव्हतं. अशा लग्नाला इथला कायदा लग्न मानत नसे, आणि नोंदलेलं लग्न झालेल्या बाईला फ्रेंच कायद्यानुसार नवऱ्याच्या परवानगीशिवाय जमीन घेता येत नसे. सरकारने ज्या कायद्याने तिच्या संसाराला बेकायदा ठरवलं, त्याच कायद्याच्या फटीतून ती जमीनमालकीण झाली. अशी खतं आमच्या एकट्याच्या घरात नाहीत. बेटावरच्या नोटऱ्यांच्या दप्तरांत कितीतरी भारतीय बायका अशा 'अविवाहित' म्हणून जमीन घेताना दिसतात. इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात 'मजुरांनी जमिनी घेतल्या' असं वाचलं की डोळ्यांपुढे पुरुष येतो. या बायका आल्या पाहिजेत.

खताच्या मागच्या पानावर हप्त्यांचा हिशोब आहे. पहिली रक्कम रोख, ती पुतळ्यांची. बाकीची रक्कम तिच्या सासऱ्याने, म्हणजे त्याच सरदाराने, उसनी भरली. म्हणजे आजी आणि आजा दोघंही खरं बोलत होते. आमच्या चार आर्पाँत पणजीच्या दुधाचे पैसे आहेत आणि आमच्याच लोकांचे कापलेले दिवसही आहेत. मला दोन्ही सांगायचं आहे. पहिलं सांगून दुसरं लपवलं तर ज्यांचे दिवस गेले त्यांच्यावर तो आणखी एक कट होईल.

आणखी एक माणूस आमच्या गोष्टींतून गळतं. आमच्या शेजारी एक क्रेओल म्हातारी राहायची, तिला आम्ही सगळे तांतिन म्हणायचो. तिचे पूर्वज त्याच मळ्यावर गुलाम होते. आमच्याकडचे वडीलधारे म्हणत की गुलाम सुटले आणि काम करीनासे झाले, म्हणून आम्हाला आणलं. तांतिन म्हणायची, "काम नको होतं असं नाही. मागितली ती मजुरी द्यायची नव्हती त्यांना." इतिहासही तिच्याच बाजूने आहे. सुटलेल्या गुलामांनी योग्य मजुरी मागितली, काहींनी साठवलेल्या पैशांतून लहान तुकडे घेतले, पुष्कळांना मळ्यावरून बाहेर काढलं गेलं, आणि मळेवाल्यांनी स्वस्त करारी मजूर आणून सगळ्यांचीच मजुरी पाडली. आमच्या आज्यांना हे माहीत असण्याचं कारण नव्हतं. आम्हाला आहे. तेव्हा ते जुनं वाक्य आमच्या मुलांच्या कानावर आता घालू नये.

जमीन आली म्हणून सुख आलं नाही. १९०२ च्या सुमाराला 'सुरा' या जनावरांच्या रोगाची साथ आली, गाडीचे बैल आणि खेचरं पटापट मेली. मोठ्या मळ्यांनी कर्ज काढून छोट्या रेल्वेचे रूळ टाकले, लहान शेतकरी मात्र ऊस डोक्यावर वाहू लागला. कारखाना मळेवाल्याचाच. तो गाळपाबद्दल साखरेचा जवळपास तिसरा हिस्सा ठेवून घेई, वजनही त्याच्याच काट्यावर. महाराष्ट्रातल्या ऊसवाल्यांना हा काट्याचा प्रकार समजावून सांगायला नको. १९१३ पासून सहकारी पतसंस्था निघाल्या, तेव्हा सरदाराच्या व्याजातून थोडी सुटका झाली. १९३७ मध्ये कारखान्यांनी उबा जातीच्या उसाचा भाव १५ टक्क्यांनी पाडला. ही जात लहान शेतकऱ्यांचीच, खडकाळ जमिनीत तग धरणारी. पूर्वेकडच्या युनियन फ्लाकला लोक चालून गेले, गोळीबार झाला, माणसं मेली. त्यातून कामगार खातं आलं, संघटना आल्या, आणि तीस वर्षांनी, १२ मार्च १९६८ ला, स्वातंत्र्य.

या सगळ्यात मराठी कसं टिकलं, हे मला महाराष्ट्रात गेल्यावर नेहमी विचारतात. मळ्यावर बहुसंख्य लोक बिहारी, त्यामुळे आमची माणसं भोजपुरी बोलू लागली. बाजारात क्रेओल, शाळेत इंग्रजी आणि फ्रेंच. मराठी उरलं ते देवापुढे. आजीला लिहिता येत नव्हतं, पण आरत्या सगळ्या पाठ होत्या. लग्नानंतर गोंधळ घातला जायचा. गणपतीत पुरुष गोल धरून, मध्ये ढोलकी ठेवून नाचायचे. त्याला आम्ही झाकरी म्हणतो. रत्नागिरीकडे जाखडी पाहिली तेव्हा मला पायांवरूनच ओळख पटली. इथला पहिला गणपती १८९६ चा असं आमची मंडळी सांगतात. आज गणेश चतुर्थीची मॉरिशसमध्ये राष्ट्रीय सुट्टी असते. १९६० मध्ये मराठी मंडळी फेडरेशन झालं, शाळांतून मराठी शिकवलं जातं, नाट्यस्पर्धा होतात, १९९१ मध्ये जागतिक मराठी परिषदही इथे भरली. घरात बोलणारे मात्र फार थोडे राहिले. शाळेतलं मराठी पुण्याचं आहे, आजीचं 'नाय' आणि 'व्हतं' त्यात बसत नाही. माझ्या विद्यार्थ्यांच्या आज्या ते बोलल्या की मुलं त्यांना चूक म्हणत. मी त्यांना सांगत असे, ते आधी उतरवून घ्या, शुद्धलेखन मग पाहू.

कारण हे बोलणारी माणसं आता फार उरलेली नाहीत. कागद आहेत. मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये जहाजांच्या याद्या, मजुरांच्या नोंदवह्या, पुष्कळांचे फोटोसुद्धा जपून ठेवलेले आहेत. खापरपणजोबांची नोंद मला तिथेच मिळाली. जिल्हा रत्नागिरी, पुढे गावाचं नाव, पण कारकुनाने असं लिहिलं आहे की त्यातून तीन वेगवेगळी गावं निघू शकतात. तिन्ही गावांत मी जाऊन आले. एका ठिकाणी एका वृद्ध गृहस्थांनी वंशावळ उघडली, चार भावांपैकी एकाच्या नावावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हा मुंबईला गेला. पुढचं काही नाही." तो आमचाच, असं मी म्हणणार नाही. तसा पुरावा नाही. पण असं 'पुढचं काही नाही' कोकणातल्या आणि घाटावरच्या किती वंशावळींत असेल.

म्हणून वाचकांना एक विनंती. तुमच्या घरी जुनी वंशावळ असेल, देवघरातली वही असेल, एखादी नव्वदीची आजी असेल, तर विचारा: १८४३ ते १८६५ च्या दरम्यान घरातलं कुणी मुंबईला जाऊन परत आलं नाही, असं आहे का? नाव, बापाचं नाव, गाव आणि जात एवढं कळलं तरी शोध घेता येतो. मोक्याच्या त्या संस्थेला लिहा. नोंदवहीत गाव एका बाजूने लिहिलेलं आहे. दुसरी बाजू फक्त तुमच्याकडे आहे.